नऊ नंबरला सेहेचाळीस गुण

शनिवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. प्रदर्शनाच्या सभागृहामागची लांबट खोली. दोन खिडक्या, दोन्ही रंगकामात चिकटून बसलेल्या. टेबलावर पांढरा कागद, तीन परीक्षक, एक वाढपी, आणि दहापैकी आठ बिअरी चाखून झालेल्या — हे लिहा आधी. नाही, ते खोडा. तुम्ही काय लिहिलंय? ‘बिअर परीक्षण स्पर्धेतील कथित प्रकाराबाबत.’ बाई, या वाक्यात प्रकार कुठे आहे? कधी घडला, कुठे घडला, खोलीत कोण होतं? एकवीस वर्षं मी पेपरसाठी गुन्हे आणि कोर्ट केलंय, पोलिसांचा पंचनामासुद्धा याहून बरा असतो, निदान त्यात खिडक्या मोजलेल्या असतात. बसा, बसा, त्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं खाली ठेवा, चालतं. चहा? नको? बरं. बिअर मी विचारणारच नाही — तुम्ही बिअर बनवणाऱ्यांच्या संघाच्या सचिव, चौकशीला आलाय, उद्या कुणी म्हणायचं साक्षीदाराने पाजली.

तर क्रमाने. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण मी क्रमानेच सांगणार, नाहीतर तुमच्या समितीतले ते तिघं काहीतरी भलतंच समजून घेतील. शनिवारी संध्याकाळी निकाल लागला. नऊ नंबर पहिला, एकशे सत्तावीस गुण. चार नंबर दुसरा, एकशे पंचवीस. सोमवारी तुमच्या माणसाने थंड खोली रिकामी केली, तर नऊ नंबरच्या सहाच्या सहा बाटल्या तिथे — बुचं जशीच्या तशी. एकही उघडलेली नाही. म्हणजे नऊ नंबरची बिअर आम्ही प्यायलोच नाही, आणि तिला पहिला नंबर दिला. आता प्रश्न दोन. एक, आम्ही काय प्यायलो? दोन, कप आता चार नंबरला द्यायचा की नाही? उद्या अकरा वाजता तुमची बैठक. जिंकणाऱ्याची बिअर एकतीस बारमध्ये वर्षभर नळावर, ही काय गंमत नाही. चार नंबरवालीने त्यासाठी दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडली होती, आता हरली म्हणून बिअरची टाकी विकायला काढलीय, गिऱ्हाईक येऊन टाकी वाजवून बघून गेलंय. आणि माझं म्हणाल तर माझं सदर, ‘घोट’, अकरा वर्षं दर गुरुवारी, ते संपादकाने तुमचा अहवाल येईपर्यंत थांबवलंय. ‘थांबवलंय’ म्हणाला. मी नोकरीला लागलो तेव्हा तो सहावीत होता. मला म्हणतो, काका, वाचक विचारतात. वाचक विचारतात! वाचक अकरा वर्षं शब्दकोडं सोडवतात, माझं सदर कोड्याच्या शेजारी असतं म्हणून ते वाचलं जातं.

हो, येतो मुद्द्यावर. परीक्षक तीन. एक अध्यक्ष — आम्ही त्याला ‘फेस’ म्हणतो, माघारी. कारण दर बिअरला तो फेसावर दहा मिनिटं बोलतो. फेस किती बोटं, फेस किती वेळ टिकला, फेसाची जाळी ग्लासाला कशी धरली. अहो, एकदा तो बोलून होईपर्यंत फेस बसून गेला होता. दुसरी, औषध कंपनीतली रसायनवाली. नाक असं की कालची फुलदाणी ओळखेल, पण बिअर आवडली की नाही हे तिला विचारू नका, ती म्हणते त्यात अमुक संयुग आहे. लग्नाला बोलावलं तर नवऱ्या मुलातलं संयुग सांगेल. आणि तिसरा मी. वाढपी म्हणजे तो म्हातारा, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, उन्हाळ्यातही अंगात दोन स्वेटर, कारण दर दहा मिनिटांनी थंड खोलीत जायचं. पडद्यामागे बाटल्या उघडायच्या, स्टीलच्या जगात ओतायच्या, जगाच्या कानाला दोऱ्याने नंबराचा टॅग बांधायचा, जग टेबलावर. बनवणारा कोण, आम्हाला ठाऊक नाही. नंबर तेवढा ठाऊक. आणि ग्लासात जे उरतं ते प्यायचं नाही — दहा बिअरी पूर्ण प्यायल्या तर दहाव्याला आम्ही फेसाशी भांडत बसू — ते टेबलाच्या टोकाच्या जगात रिकामं करायचं. उष्ट्याचा जग. तोही तसाच स्टीलचा. एकाच दुकानातून एक डझन घेतलेत तुम्ही, स्वस्त पडले म्हणून. याला टॅग नाही एवढाच फरक.

हे तुम्ही लिहिलं नाही. लिहा. उष्ट्याचा जग आणि वाढायचा जग दिसायला सारखे, आणि ही व्यवस्था संघाची. माझी नव्हे.

आता बिअरी. एक नंबर फिकी लागर. स्वच्छ, सरळ, घासलेल्या फरशीसारखी, तिच्याबद्दल वाईट बोलायला काही नाही आणि चांगलं बोलायलाही काही नाही, सरकारी उत्तरासारखी. दोन नंबर हॉप्सच्या फुलांची, कडू. आजकाल सगळ्यांना कडू बनवायचंय. कडू असायला माझी हरकत नाही, मी स्वतः कडू माणूस आहे, पण कडूपणाला पुढे काही सांगायचं असावं लागतं. हिचा घोट घेतला की जिभेवर संत्र्याची साल, देवदाराचं लाकूड, आणि मग नुसती ओरड. तीन नंबर आंबट. ती प्यायल्यावर फेसने डावा डोळा मिटला तो पाच नंबरला उघडला. पाच म्हणजे लालसर, जळक्या साखरेची, गोड बोलून खिसा कापणारी. सहा धुराची — माल्ट, म्हणजे मोड आणलेलं जव, धुरावर वाळवतात, आग विझवून आलेल्या माणसाचा कोट चोखल्यासारखी चव, पण आवडते कुणाकुणाला. सात आणखी एक लागर. आठ काळी स्टाउट, दाट, कॉफीसारखी, ही मात्र चांगली होती, मखमल होती, त्रेचाळीस दिले मी.

चार? चार मी वगळली? नाही, वगळली कुठे. चार गव्हाची. ढगाळ, फिकट सोनेरी. तिच्यात — हे बघा, गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टच लवंग देतं आणि केळं देतं, बाहेरून काही घालत नाहीत. बहुतेकांच्यात केळं एवढं पुढे येतं की शिकरण वाटतं. हिच्यात लवंग पुढे होती आणि केळं मागे, दाराआड उभ्या राहिलेल्या माणसासारखं, आणि शेवटी किंचित आंबट ओढ, पुन्हा प्यावंसं वाटायला लावणारी. टाकी गॅरेजमध्ये असताना, उन्हाळ्यात पत्र्याखाली तापमान सांभाळून एवढं केळं मागे ठेवायचं म्हणजे — रात्रीत तीनतीनदा उठून ओलं पोतं बदलावं लागतं टाकीवरचं, आणि दादाची गाडी तीन वर्षं रस्त्यावर उन्हात —

कोण दादा? छे, मी म्हटलं वादाची. असू द्या. गॅरेज आहे हे मला कसं माहीत? वार्ताहर आहे मी, बाई. माहिती काढणं हा माझा धंदा आहे. निकालानंतर काढली. पुढे लिहा.

तर तीन वीस. आठ नंबर झाला. फेस फेसावर बोलत होता. वाढपी म्हणाला, नऊच्या बाटल्या आणतो, आणि थंड खोलीकडे गेला. इथे तुमच्या चौकशीचा कणा आहे, इथे रेघ ओढा. वाढपी गेला तेव्हा टेबलावर जग किती होते? आणि परत आला तेव्हा आम्ही नऊ नंबर पीत होतो. म्हणजे त्या दरम्यान टेबलावर एक जग होता आणि त्याला नऊचा टॅग होता. फेसने ओतला, आम्ही प्यायलो. वाढपी दारात सहा बाटल्या घेऊन उभा — आणि बोलला नाही! बाटल्या हातात, बुचं लागलेली, समोर आम्ही नऊ नंबर पितोय, आणि हा गप्प. का गप्प? म्हणे त्याला वाटलं, साहेबांनी दुसरीकडून उघडून घेतली असेल. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत, परीक्षानळीचा रंग बदलला तर घंटा वाजवणारा माणूस, आणि इथे त्याला ‘वाटलं’. गेला परत, ठेवल्या बाटल्या जागेवर. मी तर म्हणतो, मुळात नऊचा टॅग आधीच जगाला बांधून ठेवायचा कशाला? सगळा गोंधळ त्याचाच. माझं मत लिहून घ्या, वाढप्याचा हलगर्जीपणा, पूर्णविराम.

हे काय काढलंत पिशवीतून? टॅग आहे, दिसतंय मला. नऊ नंबर. दोऱ्यासकट. मग? हे बाकीच्या नऊ बिअरींचे टॅग. बरं. त्या सगळ्यांच्या गाठी सारख्या आहेत, दिसतंय. सुरगाठी. एक टोक ओढलं की सुटली — म्हातारा नीटनेटका आहे, मी कधी नाही म्हटलं? आणि नऊची निरगाठ. दोन वेढे, वर निरगाठ, आणि तिच्यावर आणखी एक. कापून काढावी लागली तुम्हाला? असेल. घाईत बांधली असेल त्याने.

काय बघताय मागे?

माझ्या मागे काय आहे — कपाट आहे. जुन्या वह्यांचे गठ्ठे आहेत. एकवीस वर्षांच्या कोर्टाच्या वह्या, वर्षाचा एक गठ्ठा. दोऱ्याने बांधलेत, मग काय मोकळे ठेवू? … बाई, तुम्ही गठ्ठ्यांकडे बघू नका, माझ्याकडे बघा. … हो. दोन वेढे. हो, निरगाठ, आणि वर आणखी एक. माझे वडील छापखान्यात गठ्ठे बांधायचे, त्यांच्याकडून आलीय ती गाठ, सुटत नाही, बायको म्हणते तुमच्या गाठी आणि तुमची तोंडं, दोन्ही कात्रीशिवाय बंद होत नाहीत — उघडत नाहीत. तेच ते.

तुम्ही वाटता त्याहून पोचलेल्या आहात. वीस मिनिटं मला बोलू दिलंत आणि पिशवीत हे घेऊन बसला होतात. हे मी करायचो, साक्षीदाराला बोलू द्यायचं. ठीक आहे. पेन ठेवा जरा. नाही? बरं, राहू द्या, लिहा.

टॅग मी बांधला. वाढप्याने नऊचा टॅग रिकाम्या जगाला बांधून जग टेबलाच्या कडेला ठेवला होता, बाटल्या आणल्या की त्यात ओतायला. सुरगाठ! ओढली गेली कशाला तरी, रसायनवालीची बाही लागली असेल, टॅग खाली पडलेला, ओल्या कागदावर, सुटा. मी तो बघितला. समोर जग दोन. एक रिकामा, एक भरलेला. तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं टॅग पडलाय, बांधावा, म्हातारा रागवेल — आणि जो भरलेला होता त्याला बांधला. भरलेला म्हणजेच वाढायचा, असं कुणालाही वाटेल. बांधला, पक्का बांधला, पुन्हा पडायला नको म्हणून, आणि म्हटलं, चला, नऊ आलाय. फेसने ओतला.

हसू नका. नाही, हसा, हसा, तुम्ही केव्हापासून दाबून धरलंय, ठसका लागेल. उष्ट्याचा जग! आठ बिअरींचं, तीन माणसांचं उष्टं. फिकी, कडू, आंबट, गव्हाची, लाल, धुरकट, फिकी, काळी. फेसने ग्लास उजेडात धरला आणि काय म्हणाला माहिती आहे? ‘फेस मोजका आहे, पण आत्मविश्वासाने मोजका.’ आत्मविश्वासाने! रसायनवाली म्हणाली, गुंतागुंतीची आहे. गुंतागुंतीची असणारच, बाई, तिच्यात आठ घराणी नांदत होती! आणि मी — वाचा तुम्हीच, माझा कागद तुमच्याकडे आहे. वाचा मोठ्याने. नाही वाचवत? मी सांगतो, पाठ आहे मला: ‘पहिल्या घोटात धूर, मग कॉफी, मग अनपेक्षित फळ. बिअर आपले मत सतत बदलते आणि तरी ठाम राहते. शेवटी तळाशी भाजलेल्या बिस्किटाची नेमकी, जिवंत चव.’ भाजलेल्या बिस्किटाची चव. परीक्षक लोक माल्टला म्हणतात तसं, बिस्किटासारखी, लिहायची पद्धत आहे. आता सोमवारी तो जग धुवायला गेला तेव्हा तळाशी काय सापडलं, ते तुमच्या पहिल्या कागदावर आहेच. मधे तोंड साफ करायला बिस्किटं ठेवली होती ना तुम्ही? अर्धं बिस्किट. रसायनवालीचं, पाच नंबरनंतर हातातून पडलेलं. म्हणजे माझ्या जिभेवर शंका घेऊ नका, जीभ माझी खरी निघाली! बिस्किट होतं आणि मी बिस्किट लिहिलं. अख्ख्या चौकशीत एवढी एकच गोष्ट कुणी बरोबर ओळखलीय.

सेहेचाळीस दिले. पन्नासपैकी. त्या दिवशीचे सगळ्यात जास्त. फेसने चाळीस, तिने एकेचाळीस. एकशे सत्तावीस. माझे सेहेचाळीस नसते तर नऊ कुठच्या कुठे — हो, मला बेरीज येते.

आता तुम्ही दुसरा कागद काढणार. चार नंबरचा. काढा, आता लाजायचं काय राहिलंय. अडतीस दिलेत मी. त्यांनी त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस दिले आणि मी अडतीस. मघाशी तुमच्यापुढे मी लवंगेचं आणि दाराआडच्या केळ्याचं एवढं कौतुक केलं आणि कागदावर अडतीस, हेच ना? उजेडात धरा कागद. तिरका धरा. खोडलेलं दिसतंय? काय दिसतंय? पंचेचाळीस. बरोबर. पेन्सिलीने पंचेचाळीस लिहिले, खोडले, अडतीस लिहिले. पंचेचाळीस राहिले असते तर चार नंबरचे एकशे बत्तीस होतात, उष्ट्याच्या जगाने कितीही मतं बदलली असती तरी ती हरली नसती.

का खोडले. … पाणी घेतो मी जरा.

ती माझ्या धाकट्या भावाची बायको आहे. भाऊ माझा, मीच त्याला दादा म्हणतो, लहानपणी तो रडायचा मला दादा म्हणा म्हणून, तेव्हापासून. तीन वर्षांपूर्वी तिने पहिली बिअर केली, हौसेने, गॅरेजमध्ये, एक बाटली माझ्याकडे पाठवली. भाऊजी, चाखून सांगा म्हणून. मी चाखलं आणि सांगितलं — गुरुवारी, सदरात, छापून. ‘ही बिअर ग्लासापेक्षा बादलीत शोभेल.’ नाव दिलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना कळलं. भाऊ त्या दिवसापासून बोलत नाही. ती बोलली. फोन केला तिने, रडली नाही, भांडली नाही, म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही लिहिलंत ते खरं असेल. पण एका घोटावर लिहिलंत. बाटलीत आणखी अकरा घोट होते.’ आणि ठेवला फोन. बाई, न्यायाधीशांनी मला कोर्टातून बाहेर काढलंय, मंत्र्याच्या माणसाने माझी स्कूटर फोडलीय, कुणी मला असं गप्प केलेलं नाही.

तर शनिवारी चार नंबरचा घोट घेतला आणि दुसऱ्या घोटाला ओळखलं. तीच आंबट ओढ शेवटी, पहिल्या बाटलीतही होती, तेव्हा मला ती खोड वाटली होती. खोड नव्हती, सही होती. हात आपोआप पंचेचाळीसवर गेला. आणि मग डोकं चालू झालं. नात्यातली आहे, हे अध्यक्षांना सांगायला हवं — सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला त्या नंबराला बाहेर बसवलं असतं, नियम आहे तुमचा, सातवा. मग म्हटलं, पंचेचाळीस दिले आणि उद्या कळलं तर म्हणतील भावजयीला जिंकवलं. म्हणून कमी केले. निःपक्षपात म्हणून. … नाही, ते खोडा. निःपक्षपात कसला. तीन वर्षांपूर्वी बादली म्हटलं होतं आणि आता पंचेचाळीस म्हणजे मी चुकलो होतो, छापून चुकलो होतो, हे मला तिच्यापुढे लिहून द्यायचं नव्हतं. बनवणाऱ्याला गुणांचा कागद पाठवता ना तुम्ही, परीक्षकाच्या सहीसकट. तिने तो कागद भावाला दाखवला असता. बस, एवढंच. मोठं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

आणि खोडल्यावर रागाने अख्खा ग्लास, काठोकाठ भरलेला, फेसने दुसऱ्यांदा ओतलेला, उष्ट्याच्या जगात रिकामा केला. पुढे पाच, सहा, सात — मी काय चाखलं देव जाणे. मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं कागदावरून पाठ करून सांगितलं. डोक्यात ती गव्हाचीच. म्हणून टॅग बांधायची घाई, पुढे चला, पुढे चला, ही खोली संपू दे एकदाची. आणि नऊचा घोट घेतला तर त्या धुरात, कॉफीत कुठेतरी ‘अनपेक्षित फळ’. अनपेक्षित कसलं? माझाच ओतलेला ग्लास होता तो. मला वाटलं, वा, ही कुणा परक्याची आहे, हिला द्यायला काय हरकत आहे, आणि दिले सेहेचाळीस, मन मोकळं करून. आता बसा हिशेब करत, मी सेहेचाळीस कुणाला दिले ते. मी दोन रात्री केला.

लिहिलंत? सगळं? ‘भावजय’ लिहिलं? नातं लपवलं, गुण खोडले, टॅग मी बांधला. वाढप्याचा हलगर्जीपणा हे खोडा, पुढे पूर्णविराम दिला होता तोही खोडा. म्हाताऱ्याला परवा कुणीतरी कामावरून कमी करणार म्हणत होतं, त्याला सांगा स्वेटर घालून वेळेवर ये. आणा, सही करतो. संपादक सदर बंद करेल, करू दे, शब्दकोड्याला जागा होईल. फक्त एक — ‘बिअर आपले मत सतत बदलते’ हे वाक्य अहवालात छापू नका. छापणार? छापा. चांगलं वाक्य आहे तसं.

आता जाताना एक विचारतो, आणि हे वार्ताहर म्हणून विचारतो. तुम्ही मला विचारलंत, फेसला विचारलंत, रसायनवालीला दोनदा, म्हाताऱ्याला तर रडेपर्यंत. नऊ नंबरवाल्याला काय विचारलंत? काही नाही? ‘तो तर पीडित आहे, त्याची बिअर चाखलीच गेली नाही’ — असं अध्यक्ष म्हणाले? बरं. तुम्ही शनिवारी संध्याकाळी मंचाच्या मागे कप पुसत होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. मी पुढच्या रांगेत होतो. तुमची प्रथा आहे, जिंकणाऱ्याच्या हातात त्याच्याच बिअरचा ग्लास द्यायचा, परीक्षकांच्या जगातला, आणि त्याने सगळ्यांसमोर पिऊन सांगायचं की ही माझीच, अदलाबदल नाही. चांगली प्रथा आहे, कुणीतरी शहाण्या माणसाने घातलेली. फेसने तोच जग आणला, माझ्या निरगाठीसकट, आणि ग्लास भरला. नऊ नंबरवाला म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? मोठा कारखाना, सतरा माणसं कामाला, वीस वर्षं बिअर करतोय. स्वतःची बिअर झोपेत ओळखेल. आणि त्याने पाठवलेली काय होती? फिकी लागर. पाण्यासारखी स्वच्छ. जगातून ग्लासात आलं ते गढूळ तपकिरी, त्यावर बिस्किटाचा चुरा. दोनशे माणसं बघत होती. त्याने ग्लास उजेडात धरला, मला शपथेवर आठवतंय, तीनचार सेकंद धरला. मग अख्खा प्यायला, तळापर्यंत. ओठ पुसले. आणि माइकजवळ येऊन म्हणाला, ‘हीच. माझ्या हातची.’

उठा आता, चष्मा तुमचा त्या वर्तमानपत्रांवर राहिलाय, जिन्यातला दिवा डाव्या हाताला आहे. आणि दार लावून घ्या. बैठक उद्या अकराला आहे, त्याचा कारखाना नऊला उघडतो, आणि कालपासून त्याच्या बाटल्यांवर सोनेरी पट्टी लागून दुकानात आलीय — ‘पहिला क्रमांक’ — आणि त्याला अजून एकाही माणसाने विचारलेलं नाही की तो काय प्यायला.